कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने क्लासमध्ये शिकवावे का?

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली मुलगी माटुंग्याच्या महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. डोंबिवलीतील एका क्लासने नववी-दहावीच्या दीडशे मुलांना शिकवण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची भरती काढली, त्यात तिची निवड झाली, आणि आता दोन वर्षांच्या करारपत्रावर सही करून बारावीची मूळ गुणपत्रिका जमा करायला तिला सांगितले आहे. तिला होकार द्यावा का, असे आपण विचारता. माझे स्पष्ट मत असे, की तिने जरूर शिकवावे, पण या करारपत्रावर सही करू नये.

मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवू नये. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवून झेरॉक्स देणे पुरेसे असते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची प्रवेशफेरी केवळ कागदपत्रे क्लासमध्ये अडकल्यामुळे हुकली होती, त्याची हळहळ मला आजही वाटते. क्लास सोडल्यावर वर्षभर डोंबिवलीत इतरत्र शिकवायचे नाही, या अटीची धास्ती मात्र नको. उपजीविकेला आडकाठी करणारी अशी अट भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार निरर्थक ठरते.

त्याहून महत्त्वाची बाब अशी, की केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 50 हून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासमध्ये पदवीपेक्षा कमी पात्रतेचे शिक्षक नेमू नयेत आणि 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये. दीडशे मुलांच्या क्लासने पदवी न झालेल्या मुलीला दोन वर्षांसाठी बांधून घेणे म्हणूनच मला पटत नाही.

निवडीसाठी तिच्याकडून केवळ वीस गणिते सोडवून घेतली, असे आपण लिहिले आहे. गणित येते की नाही, एवढेच त्यातून कळते. मी निवड करणारा असतो, तर 9 आणि 16 यांच्या बेरजेचे वर्गमूळ 7 असे लिहिलेली एखाद्या मुलाची वही तिच्यापुढे ठेवली असती आणि त्याने असे का लिहिले असेल, हे विचारले असते. दोन्ही संख्यांची वर्गमुळे वेगवेगळी काढून त्याने 3 आणि 4 मिळवले, हे ओळखून, लाल फुली न मारता त्याला 3 आणि 4 सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण काढायला लावणारी आणि कर्ण पट्टीने मोजून 5 भरतो हे त्यालाच पाहू देणारी मुलगी शिकवण्यासाठी योग्य. ही दृष्टी तिच्यात असेल, तर ती वाढवायला दीडशे मुलांचा क्लास नव्हे, आपल्या सोसायटीतली तीन मुले उत्तम.

शिकवण्यापायी तिचा अभ्यास मागे पडेल, ही आपली काळजी रास्त आहे. तरी कमवत शिकण्याची वाट कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्याकडे केव्हाच रुजवली आहे आणि त्या वाटेने जाणारी मुले मी जवळून पाहिली आहेत. प्रश्न वेळेचा आहे. कॉलेज सुटल्यावर गर्दीच्या लोकलने डोंबिवली गाठून रोज तीन तास उभ्याने शिकवणे तिला झेपणार नाही. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, घराजवळ, एवढेच ठरवावे. दहावीची परीक्षा जवळ येताच पालक जादा तास मागू लागतात आणि नेमके तेव्हाच तिचे चौथे सत्र सुरू असते, म्हणून महिन्याची फी आणि तासांची मर्यादा जूनमध्येच बोलून ठेवावी. शिकवणे मनापासून आवडले, तर पदवीनंतर दोन वर्षांच्या बी.एड.साठी राज्याची सीईटी आहेच.

क्लासला नकार तोंडी कळवू नका. करारपत्र सही न करता परत करताना, पदवी पूर्ण नसल्याने हे काम स्वीकारता येत नाही, एवढे एक वाक्य तिने स्वतः लिहून द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.