वाचकांचे प्रश्न : टी-शर्टावर विद्यापीठाचं बोधचिन्ह

प्रश्न : आम्ही सयाजीराव विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. स्नेहसंमेलनासाठी २०० टी-शर्ट छापून थोडे विकायचेही आहेत. छातीवर विद्यापीठाचं बोधचिन्ह चालेल का? – दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : लेखी परवानगीशिवाय नाही, विकायचे असतील तर मुळीच नाही. तिथे शिकलात म्हणून चिन्हावर हक्क येत नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली नोंदणी वर्गवार होते : शिक्षण ४१, कपडे २५, छापील साहित्य १६. 'कपड्यांत नोंदच नसेल' हा हिशेब मांडू नका. नोंदणी असलेल्या नावाजलेल्या चिन्हाला कलम २९(४) दुसऱ्या मालावरही संरक्षण देतं. शिवाय चित्र म्हणून कॉपीराइटही असू शकतो.

अर्ज कुलसचिवांच्या नावे करा. सोबत छपाईच्या अंतिम नमुन्याची पीडीएफ जोडा आणि नग, किंमत, कुठे विकणार, शिल्लक पैसे कुठे जाणार हे लिहा. 'लोगो वापरू द्यावा' एवढ्या एका ओळीवर कुणी सही करणार नाही.

होकार आला की फाइलही त्यांच्याकडूनच मागा, सीडीआर किंवा एसव्हीजी, म्हणजे चित्र मोठं केलं तरी कडा न बिघडणारी. ३ इंचांच्या छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ९०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या छोट्या जेपीजीच्या कडा दातेरी येतात. भरतकामात तर 'सत्यं शिवं सुन्दरम्' मधले अनुस्वार टाक्यांत बुजतात, 'न्द' चा नुसता गोळा होतो. पण तेवढ्यासाठी ब्रीदवाक्य गाळायचं नाही, रंगही बदलायचे नाहीत; चिन्ह मोठं घ्या, नाहीतर स्क्रीन प्रिंट करा.

आम्हाला विचाराल तर आर्ट्स फॅकल्टीचा घुमट स्वतः रेखाटा. वास्तूचं चित्र काढून छापायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं. खाली साध्या अक्षरांत बॅचचं वर्ष. दिसायलाही घुमटच उजवा! फक्त विद्यापीठानं घुमटाची जी आकृती आपली खूण म्हणून वापरली असेल, तिची नक्कल नको.

प्रश्न : मग सहभागाच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाची गोल मुद्रा उमटवली तर?

उत्तर : ते तर अजिबात करू नका. बोधचिन्ह ओळखीपुरतं असतं. मुद्रा म्हणजे हा कागद विद्यापीठानं दिला अशी ग्वाही. बोधचिन्हाच्या परवानगीत मुद्रा येत नाही. छापखानेवाला 'साहेब, शिक्का बनवून देतो' म्हणाला तरी थांबा : खोटा दस्तऐवज करण्याच्या हेतूनं बनावट मुद्रा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४१ खाली गुन्हा आहे. प्रमाणपत्रावर तुमच्या माजी विद्यार्थी मंडळाचंच नाव, मंडळाचाच शिक्का आणि अध्यक्षांची सही पुरे.

मंडळाचं स्वतःचं चिन्ह नोंदवायचं असेल तर ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म टीएम-ए. ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ९,००० रुपये, व्यक्तीच्या नावे ४,५००. नोंदणी होईपर्यंत शेजारी वर्तुळातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) लावू नका, ट्रेडमार्क कायद्याचं कलम १०७ आड येतं. तोवर 'टीएम' चालतं.