‘साठवण क्षमता २९० मेगावॅट’ म्हणावे का?

विचारणा अशी: दाबाखालच्या हवेत वीज साठवणाऱ्या प्रकल्पाबद्दल एका लेखात ‘साठवण क्षमता २९० मेगावॅट’ आणि दुसऱ्यात ‘क्षमता ४२ टक्के’ असे आहे. प्रकल्प एकच, मग बरोबर काय?

साठवण क्षमता मेगावॅटमध्ये सांगणे चूकच. मेगावॅट हे शक्तीचे एकक आहे, एका वेळी किती वीज देता येते एवढेच ते सांगते. साठा मेगावॅट-तासांत मोजतात. वीजबिलातले युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

विचारणेतला प्रकल्प म्हणजे जर्मनीतला हुन्टॉर्फ (१९७८). तो मुळात २९० मेगावॅट वीज सुमारे २ तास देण्यासाठी बांधला, म्हणजे साठा ५८० मेगावॅट-तास. अमेरिकेत अलाबामातला मॅकिन्टॉश (१९९१) ११० मेगावॅटचाच, पण २६ तास चालणारा, म्हणजे २,८६० मेगावॅट-तास. मेगावॅट पाहिले तर हुन्टॉर्फ मोठा, साठा पाहिला तर मॅकिन्टॉश जवळजवळ पाचपट.

ही साठवण स्वस्त कशी होईल, हा विषय निघाला की हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. कॉम्प्रेसर, टर्बाइन, जनित्र यांचा खर्च मेगावॅटनुसार वाढतो. दाबलेली हवा जिथे साठवतात त्या, जमिनीखालच्या मिठाच्या थरात पाणी सोडून, मीठ विरघळवून केलेल्या पोकळीचा खर्च मेगावॅट-तासांनुसार वाढतो, आणि तो तुलनेने बराच कमी असतो. त्यामुळे यंत्रे तीच ठेवून पोकळी मोठी केली की साठ्याच्या प्रत्येक युनिटमागचा खर्च उतरतो. पोलादी टाक्यांत हा फायदा मिळत नाही. दाब किंवा आकारमान दुप्पट केले की पोलादही साधारण दुप्पट लागते. म्हणून ‘प्रति मेगावॅट खर्च’ एवढाच आकडा दिला तर वाचकाची दिशाभूल होते.

‘४२ टक्के’ ही कार्यक्षमता. तिथे नुसते ‘क्षमता’ लिहू नये. या आकड्यातही एक खाच आहे. हवा दाबताना निघालेली उष्णता हुन्टॉर्फमध्ये वाया जाते आणि वीज काढताना वायू जाळून हवा तापवावी लागते. एक युनिट देण्यासाठी सुमारे ०.८ युनिट वीज आणि १.६ युनिट इंधन-ऊर्जा लागते. १ भागिले २.४, म्हणून ४२ टक्के. इंधन विसरून नुसत्या ०.८ ने भागले तर कार्यक्षमता १२५ टक्के येते! मॅकिन्टॉशमध्ये टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंची उष्णता आत येणाऱ्या हवेला देतात, तिथे हा आकडा ५४ टक्के आहे.

तेव्हा ‘मूळ शक्ती २९० मेगावॅट, साठा ५८० मेगावॅट-तास, इंधन धरून कार्यक्षमता ४२ टक्के’ असे लिहावे. साठ्याआधी ‘वापरता येणारा’ हे विशेषण जोडले तर फारच चांगले, कारण पोकळी कधीच पूर्ण रिकामी करत नाहीत. हुन्टॉर्फमध्ये नेहमीच्या वापरात दाब ७० बारवरून (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब) ४३ बारपर्यंतच उतरू देतात, उरलेली हवा आतच राहते.