राजीनाम्यावर जूनची तारीख घाला

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मी ऑगस्ट २०२१ पासून पूर्णवेळ शिक्षिका आहे. वय ४१, पगार सरासरी ८०,००० डॉलर. यजमान पुण्याला परतलेत, सासूबाईंची तब्येत नाजूक आहे. जानेवारी २०२६ मध्ये राजीनामा देऊन कॅलस्टर्समधले (राज्याच्या शिक्षक पेन्शन योजनेतले) पैसे काढावेत आणि बाणेरच्या फ्लॅटचं कर्ज कमी करावं, असं मनात आहे. योग्य होईल का?

उत्तर : परत जायच्या निर्णयात मी ढवळाढवळ करणार नाही. तारीख मात्र बदला.

कॅलस्टर्सच्या पेन्शनसाठी पाच वर्षांचं सर्व्हिस क्रेडिट, म्हणजे योजनेत धरली गेलेली नोकरीची वर्षं, लागतं. जानेवारीत तुमचं साडेचारच्या आसपास असेल, म्हणजे पेन्शन शून्य. जूनमध्ये शाळेचं वर्ष संपवून निघालात तर पाच पूर्ण होतील आणि ६२व्या वर्षापासून सरासरी पगाराच्या दहा टक्के, वर्षाला ८,००० डॉलर, तहहयात मिळतील. एकवीस वर्षांत महागाई त्यातला बराच भाग खाईल, हे खरं. पण तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (केंद्राची निवृत्तिवेतन योजना) कापली जात नाही, त्यामुळे या नोकरीचा म्हातारपणीचा आधार तो हाच.

तरीही पैसे काढलेत तर हाती येते फक्त तुमची कपात आणि तिच्यावरचं व्याज. पगाराच्या सुमारे १०.२ टक्के धरले तर पाच वर्षांचे ४० हजारांच्या घरात. डिस्ट्रिक्टने भरलेला वाटा मिळत नाही. रोख उचललीत तर २० टक्के, म्हणजे ८,००० डॉलर, करापोटी आधीच कापून घेतील. शिवाय साडेएकोणसाठच्या आत काढल्याबद्दल केंद्राचा १० आणि राज्याचा अडीच टक्के दंड, म्हणजे आणखी ५,००० डॉलर. गृहकर्जाचं व्याज वाचवायला एवढी किंमत मोजू नका. काढायचेच असतील तर आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) रोलओव्हर करा, म्हणजे थेट वळते करा. मग ना ती कपात, ना दंड. फ्लॅटचे हप्ते यजमानांच्या पगारातून जाऊ द्यात.

आधी एक काम करा. कॅलस्टर्सच्या वार्षिक स्टेटमेंटवर सर्व्हिस क्रेडिटचा आकडा बघा. जून २०२५ अखेर ४.००० हवा. मध्ये कधी बिनपगारी रजा घेतली असेल तर तो ३.९ काहीतरी दिसेल आणि जूनमध्येही पाच भरणार नाहीत. सासूबाईंसाठी कॅलिफोर्नियाच्या कौटुंबिक रजा कायद्याखाली (सीएफआरए) १२ आठवड्यांची रजा मिळू शकते (सासू-सासरे त्यात धरले जातात), पण ती बिनपगारी घेतलीत तर क्रेडिट तेवढंच घटेल. जायचंच झालं तर शिल्लक पगारी रजा आधी वापरा.

राजीनाम्याचं पत्र जपून लिहा. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने एकदा स्वीकारलं की ते तुमच्या मर्जीने मागे घेता येत नाही. अंमलाची तारीख शाळेच्या वर्षाचा शेवटचा कामाचा दिवस ठेवा. संमतीशिवाय, योग्य कारण नसताना मध्येच निघालात तर क्रेडेन्शियल (शिकवण्याचा परवाना) वर्षभरापर्यंत निलंबित होऊ शकतं. उन्हाळ्यात आरोग्य विमा कधीपर्यंत चालतो, हे युनियनच्या करारात वाचा. प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं.

पुण्यात मन रमलं नाही तर? तुम्ही पर्मनंट असाल आणि ३९ महिन्यांच्या आत त्याच डिस्ट्रिक्टने पुन्हा घेतलं, तर पर्मनंटचा दर्जाही परत मिळतो. त्यासाठी क्रेडेन्शियलचं नूतनीकरण पुण्यातूनही चुकवू नका.