कॅनडात कोर्टाच्या बाबूला काय मिळतं, असं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न दोनच ओळींचा होता. इंदूरला कोर्टात सहायक वर्ग-३ आहेस, नोकरीला नऊ वर्षं झाली, बायको फार्मासिस्ट, मुलगी चौथीत. आणि पुढे, "काका, कॅनडात कोर्टातल्या क्लार्कला पगार किती असतो? यावं का?" दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. चार दिवस ते जमलं नाही, म्हणून आज रविवारी चहा घेऊन बसलोय.

व्हिसा, इंग्रजीची परीक्षा, बँकेत किती रक्कम दाखवायची, हे सगळं कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर आहे आणि माझ्यापेक्षा नीट लिहिलंय. ते वाच. एजंटच्या नादी लागू नकोस.

मी चौदा वर्षं माळव्यातल्या एका लहान गावच्या कोर्टात होतो. घर इंदूरच्या सुदामा नगरला, रोज बसने येणं-जाणं. साक्षी उतरवून घेणारा साक्ष्य लेखक होतो, मग निकालांची अंमलबजावणी करणारी निष्पादन शाखा, शेवटची तीन वर्षं जजसाहेबांचा प्रस्तुतकार, म्हणजे त्यांच्यापुढे फायली ठेवणारा. आता कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात एका कोर्टात क्लार्क आहे. दोन्हीकडच्या पगाराच्या पावत्या माझ्याच फायलीत आहेत.

तुझी पावती मला न बघता वाचता येते. १९,५०० पासून ६२,००० पर्यंतची वेतनश्रेणी, दर वर्षी तीन टक्के वाढ, म्हणजे मूळ वेतन आता पंचवीस हजारांच्या आसपास. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांच्या वर गेलाय, घरभाडं नावापुरतं, एनपीएस, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचा हप्ता, कापून हातात अडतीस-चाळीस हजार. तुझ्या शेजारच्या खुर्चीवरचा स्टेनो २८,७०० वर लागला असेल, वरच्या ग्रेडचा ३६,२०० वर. त्याच साहेबांच्या शिव्या, त्याच पेश्या, म्हणजे सुनावणीच्या तारखा, पण त्याची बोटं जास्त पळतात. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठातल्या बाबूचे नियम पुन्हा वेगळे, ते मुख्य न्यायमूर्ती करतात, राज्यघटनेच्या २२९व्या कलमाखाली. पण पगाराचा मुद्दा आला की राज्यपालांची मंजुरी लागते, म्हणजे फाईल शेवटी भोपाळलाच. आमच्या रेकॉर्ड रूममधले जुने लोक कोर्टातल्या लोकांचे पगार सुचवणाऱ्या शेट्टी आयोगाचं नाव असं घ्यायचे, जसं शेतकरी जूनमध्ये आभाळाकडे बघतो. काही शिंतोडे आमच्यापर्यंत आले, नाही असं नाही.

आता इकडचं. मला तासाला तीस डॉलरच्या जरा खाली मिळतात. झालं ना गणित सुरू? डॉलर साठ-पासष्ट रुपयांचा धरलास की इथला एक तास म्हणजे तिथला आख्खा दिवस. हेच गणित मी २०१६ साली इंदूरच्या छप्पन दुकानांत पोहे खाता खाता कागदी प्लेटच्या मागे केलं होतं, आणि बायकोला दाखवलं होतं. ते गणित चुकीचं नाही, अर्धं आहे. टोरांटोच्या आसपास एका बेडरूमचं घर दोन हजार डॉलरच्या वरच पडतं, म्हणजे कर कापायच्या आधीचे माझे सत्तर तास घराच्या दारातच संपतात. आणि मुळात तास किती मिळणार, हे कोण ठरवतं?

इथल्या कोर्टात माझ्यासारखे बरेच क्लार्क कायम पूर्णवेळ नसतात. "लवचिक अर्धवेळ" असा प्रकार आहे. लवचिक कोणी व्हायचं ते नावात सांगितलेलं नाही. ठरावीक तासांची हमी असते, बाकी खटल्यांच्या यादीवर. पाच दिवसांचा खटला लागलेला असतो, मी जेवणाचे डबे ठरवलेले असतात, आणि सोमवारी सकाळी आरोपी उभा राहून गुन्हा कबूल करतो. दुसरं काम मिळालं तर ठीक, नाही तर घरी. तिकडे पेशी पुढे गेली तर पक्षकाराचं नुकसान व्हायचं, इथे माझं होतं. म्हणून तासाचा दर विचारू नकोस. वर्षाचे हमखास तास किती आणि पूर्णवेळ व्हायला लोकांना किती वर्षं लागली, ते विचार.

आणि महागाई भत्ता नावाची चीज इथे नाही. युनियन करार करते, करारात असेल ती वाढ. २०१९ मध्ये ऑन्टारियो सरकारने कायदा करून सरकारी लोकांची वाढ तीन वर्षांसाठी वर्षाला एक टक्क्यावर बांधून टाकली. बिल १२४ म्हणतात त्याला. त्यातच २०२२ आलं, देशात महागाई ६.८ टक्के. त्या वर्षी मी पहिल्यांदा बायकोला म्हणालो की आपल्याकडचा डीए काय वाईट होता. त्याच वर्षाच्या शेवटी कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, अपील २०२४ मध्ये फेटाळलं गेलं आणि मागची थकबाकी मिळाली. पण दूधवाला थकबाकीवर थांबत नाही. इथे तर दूधवालाच नाही.

एक इशारा. नेटवर कोर्ट क्लार्कचा पगार शोधशील तर दोन-तीन वेगळ्या नोकऱ्यांचे आकडे एकाच भांड्यात मिळतील. अमेरिकेतला लॉ क्लार्क म्हणजे जजच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षं काम करणारा, कायद्याची पदवी घेतलेला हुशार पोरगा. ऑन्टारियोतला लॉ क्लार्क वकिलाच्या ऑफिसात बसतो. आपण तिसरेच. अमेरिकेत तर काउंटी बदलली की पगार बदलतो, आणि फेडरल कोर्टात नागरिकत्वाची अडचण येते. इंग्लंडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात ज्याला लोक सवयीने क्लार्क म्हणतात तो कायद्याचा सल्लागार असतो, सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर. तिथला आपल्यासारखा बाबू किमान वेतनाच्या थोडाच वर असतो.

आता जे तुला कोणी सांगणार नाही ते. तुझ्या नऊ वर्षांचा इथे यायला काही उपयोग नाही.

एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडात कायम राहायला येण्याच्या अर्जपद्धतीत, कामाचे दर्जे असतात, शून्य ते पाच. चालतात शून्य ते तीन. कोर्ट क्लार्कचा कोड १४१०३, दर्जा चौथा. २०१६ मध्ये वर्गीकरण वेगळं होतं, तेव्हाही बाबू बाहेरच होता. मला हे कळलं कधी? अनुभव प्रमाणपत्रासाठी पाच महिने घासल्यावर. मला हवं होतं कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वेतन, सगळं लिहिलेलं. मला मिळालं, "प्रमाणित किया जाता है कि श्रीमान इस कार्यालय में कार्यरत हैं।" एक ओळ. मसुदा मी टाइप करून दिला तर स्थापना शाखेतला माझाच मित्र म्हणाला, "भिया, असं फॉर्मॅट नाहीये आपल्याकडे." चूक त्याची कशी म्हणू? त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. लोकांच्या नकलेच्या अर्जात पान क्रमांक नाही म्हणून, वकालतनाम्यावर तारीख नाही म्हणून, मी चौदा वर्षं कागद परत केले आहेत. "त्रुटी" लिहिलेला रबरी शिक्का होता माझ्याकडे. झिजला तर नवा करून घेतला होता.

तर मी इथे आलो तो बायकोच्या अर्जावर. ती आयटीत होती, ती मुख्य अर्जदार, मी "सोबतचा जोडीदार". तूही तसंच कर. फार्मासिस्टचा दर्जा पहिला आहे. इथे औषधाच्या दुकानात उभं राहायला तिला वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतील, त्याला वेळ आणि पैसा लागेल, पण दार तिच्याच नावाने उघडेल. त्या रकान्यात दुसऱ्या ओळीत आपलं नाव बघायची तयारी ठेव. मला वाटलं होतं माझी आहे. नव्हती. ऑगस्ट २०१७ मध्ये मी एका गोदामात खोकी मोजायला लागलो, ताशी ११.४० डॉलर, तेव्हाचं किमान वेतन, आणि आईला फोनवर सांगायचो की "रेकॉर्डचं काम आहे". खोटं नव्हतं ते. खोक्यांचं रेकॉर्डच होतं.

मुलीबद्दल तू काही विचारलं नाहीस. चौथीत आहे म्हणालास फक्त. माझा मुलगा आला तेव्हा नववीत बसणार होता. इथे वर्ग जन्मसालावरून ठरतो, त्यात वाद नाही. शाळेत एका बाईंच्या खोलीत आम्हाला बसवलं, विषयांचा फॉर्म पुढे ठेवला. गणिताला दोन चौकटी, एक ॲकॅडेमिक, एक अप्लाइड. बाई फार गोड बोलत होत्या. म्हणाल्या, नवीन देश आहे, इंग्रजीत शिकायची सवय होईपर्यंत अप्लाइड बरं पडेल. मुलगा इंदूरला इंग्रजी माध्यमातच होता, हे मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तरीही. मला वाटलं अप्लाइड म्हणजे उपयोजित, म्हणजे नुसतं पुस्तकी नाही, चांगलंच असेल. मी सही केली.

ज्या माणसाने चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कागदात त्रुटी काढल्या, त्याने स्वतःच्या पोराचा कागद उलटूनही बघितला नाही. मागच्या पानावर बारीक अक्षरात सगळं होतं. अप्लाइडवाल्यांची वाट पुढे कॉलेजच्या डिप्लोम्याकडे आणि कारागिरीकडे, विद्यापीठाची वाट ॲकॅडेमिकमधून. मध्येच बदलता येतं, पण जास्तीचं काम करून, आणि मुळात बदलायचं आहे हे कुणाला तरी कळायला हवं. आम्हाला अकरावीत कळलं. मी त्या खोलीत परत गेलो, तर बाई बदलून गेल्या होत्या. नव्या माणसाने फाईल काढून माझ्यासमोर ठेवली आणि सहीवर पेन्सिल टेकवली. मी प्रस्तुतकार होतो रे. अशी पेन्सिल मी किती जणांच्या सहीवर टेकवली असेल.

पुढे नववीतली ही विभागणी सरकारने मोडीत काढली, गणितात २०२१ साली, बाकी विषयांत २०२२ साली. म्हणजे तुझ्या मुलीच्या वाटेला हे येणार नाही. तिला फार तर फ्रेंचचा त्रास होईल, ते चौथीपासून सुरू होतं आणि बाकीच्या मुलांच्या मागे राहावं लागेल. ते भरून निघतं. तरी फॉर्मचं मागचं पान वाच.

मुलगा आता इलेक्ट्रिशियन होतोय. नऊ हजार तासांची उमेदवारी असते, शेवटच्या टप्प्यात आहे. परवाना मिळाला की तासाला माझ्यापेक्षा जास्त कमावेल, आत्ताच जवळपास तेवढं कमावतो. मजेत असतो, स्वतःची गाडी आहे, मला म्हणतो, "बाबा, तुम्ही अजून त्या फॉर्मवरच अडकलात." तो बरोबर असेल. पण इंदूरला हा पोरगा पाढे उलटे म्हणायचा, सतराचा पाढा एकशे सत्तरपासून खाली. घराची वायरिंग करताना त्याला ते लागत नसेल असंही नाही, काय माहीत.

एकटेपणाचं म्हणशील तर पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते. इंदूरच्या सानंद संस्थेची नाटकं आठवतात, सराफ्यातलं रात्रीचं खाणं आठवतं. त्यावर लोक पानंच्या पानं लिहितात, मी लिहिणार नाही.

कमाईत तू जी धरली नाहीस तीही बोलून टाकतो, कारण इथे येऊन तुला ती तुलना करावीच लागेल. टेबलावरून सरकणारं चहापाणी. मी घेत नव्हतो. सगळेच असं म्हणतात, मीही म्हणतो. दिवाळीला आलेले काजूकतलीचे डबे मात्र मी कधी परत केले नाहीत. इथे एका म्हाताऱ्या पंजाबी बाईंना मी शपथ दिली, त्यांनी नंतर बाहेर कॉरिडॉरमध्ये माझ्या हातात दोन पेढे ठेवले. मी नाही म्हणालो, नियम आहे. त्यांचा चेहरा पडला. इथल्या नोकरीत मला काय जास्त मिळतं असं विचारलंस तर कदाचित हेच, आणि त्या दिवशी तेच नकोसं झालं होतं.

आता पैशाची शेवटची गोष्ट, जी बायकोलाही मी उशिरा सांगितली. मी २००३ चा भरती, म्हणजे जुन्या पेन्शनचा. २००५ पासून लागलेल्यांना ती नाही. वीसेक वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली असती तर गोष्ट वेगळी. चौदाव्या वर्षी राजीनामा दिला की मागची सगळी सेवा गेली, पेन्शन शून्य. हा नियम मला माहीत नव्हता असं मी सांगतो. माहीत होता. गोदामात खोकी मोजताना रोज आठवायचा. तुझं एनपीएस आहे, साठलेला पैसा तुझाच राहील, पण वेळेआधी सोडलंस तर त्यातला मोठा भाग वार्षिकीत, म्हणजे हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या पेन्शनमध्ये, अडकतो, ते आधी तपासून घे. दहा वर्षांचं समयमान, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणारी वरची वेतनश्रेणी, पुढच्याच वर्षी आहे ना? ते लागू दे. आणि राजीनाम्याआधी बिनपगारी लांब रजेचा अर्ज टाक. नाकारतील कदाचित. मी टाकलाच नव्हता, लोक हसतील म्हणून.

यावं का, ते मला विचारू नकोस. बायकोच्या कागदांना लाग. तिच्या दवाखान्याकडून अनुभवाचं पत्र घे, त्यात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वेतन आणि सही करणाऱ्याचा हुद्दा हवा. मसुदा मी पाठवतो. हातात आलं की फोटो काढून मला पाठव, दोन्ही बाजूंचा.