आमचे आमदार गडगंज घराण्यातले आहेत. घरची मालमत्ता किती आणि काम किती, हे कसं कळेल? (ठाणे)

नाक्यावरच्या गप्पा सोडा आणि उमेदवारी अर्जाबरोबरचं नमुना २६ चं शपथपत्र उघडा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. त्यात स्वतः, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित असे वेगळे रकाने असतात. जमिनीच्या तक्त्यात मालमत्ता वारशाने आलेली आहे का, स्वतः घेतली असेल तर कधी घेतली, तेव्हाची किंमत किती, आजची किती, हे सगळं लिहावं लागतं. घोडबंदर रोडची जुनी जागा किंवा ऐरोलीतला साडेबारा टक्क्यांचा (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेला) भूखंड असेल, तर या दोन किमतींतली तफावत वाचण्यासारखी असते!

गोम अशी, की कमावता मुलगा किंवा कमावता भाऊ अवलंबित धरला जात नाही. म्हणजे 'घराण्याची' संपत्ती कागदावर पूर्ण येतच नाही. माहिती मुद्दाम दडवली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण तोवर निवडणूक होऊन गेलेली असते.

कामाचं म्हणाल, तर आमदार निधी कुठे गेला ते जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन समितीच्या शाखेत माहिती अधिकाराखाली विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.