निवाडा म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेचा काही भाग रस्त्यात जातोय. भूसंपादनाच्या नोटिशीत 'निवाडा जाहीर केला' असं लिहिलंय. म्हणजे कोर्टाचा निकालच लागला ना? आणि हा शब्द आला कुठून?
– एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)

उत्तर : कोर्टाचा नाही. न्यायाधीश देतात तो न्यायनिर्णय, त्यावरून निघतो तो हुकूमनामा. तुमचा निवाडा म्हणजे भूसंपादनातला 'अवॉर्ड'. जमीन किती, मोबदला किती, तो कोणाकोणात कसा वाटायचा, एवढं जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने भूसंपादन अधिकारी ठरवतात.

शब्द 'निवडणे'च्या घरातला. तांदूळ निवडताना खडा एकीकडे, दाणा एकीकडे. वादातही तुझं-माझं असंच वेगळं काढायचं. जुन्या कागदांत 'निवाडणे' असं क्रियापदही भेटतं, आता 'निवाडा करणे' एवढंच उरलं. 'फैसला' अरबी, पण त्याच्याही मुळाशी 'वेगळं करणे' हाच अर्थ. मराठेशाहीत गोतसभेने (गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेने) वाद तोडला की निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' म्हणजे जिंकल्याची रक्कम भरायची, हरणाऱ्याने 'गुन्हेगारी' म्हणजे दंड. खिसा दोघांचाही हलका!

आता कामाचं. संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने झालं असेल, तर कलम ६४ खाली हरकतीची कारणं देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. ते प्रकरण या कायद्याखालच्या, मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवतात. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असाल, तर मुदत त्या दिवसापासून सहा आठवडे. नसाल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतली जी आधी संपेल ती. पुरेसं कारण दाखवलं तर पुढच्या एका वर्षात उशिराचा अर्ज घेता येतो, पण त्यावर विसंबू नका. लोक नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात अपील कुठे करायचं विचारत फिरतात आणि इकडे आठवडे सरतात.

दुसरी चूक पैसे घेताना होते. 'हरकत राखून' असं न लिहिता रक्कम उचलली, की कलम ६४ चा अर्ज करण्याचा हक्क जातो. पावतीवरच तसं लिहा. निवाड्यात द्राक्षवेलींची किंमत जमिनीपासून वेगळी धरली आहे का, तेही तपासा. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असून संपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली असेल, तर मात्र कलम ६४ नाही. रकमेचा वाद लवादाकडे जातो. म्हणून नोटिशीच्या मथळ्यातला कायदा आणि कलम आधी वाचा.