ड्यूटी संपल्यावर उरणारी जबाबदारी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

क्रिटिकल केअरमधील (अतिदक्षता सेवेतील) नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे मंजूर प्रोटोकॉलच्या चौकटीत उपचाराचे काही निर्णयही घेणाऱ्या परिचारिकेच्या, अभ्यासक्रमाला तुला प्रवेश मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. गुणवत्ता आणि सुरक्षिततेच्या सहा क्षमता पदवीलाच शिकून झाल्या, आता त्यात नवे काय, असे तू विचारले आहेस. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेल्या 'क्यूसेन' या परिचारिकांच्या शिक्षणातील गुणवत्ता आणि सुरक्षिततेच्या प्रकल्पाने रुग्णकेंद्रित सेवा, संघभावनेने काम, पुराव्यावर आधारित सेवा, गुणवत्तासुधार, सुरक्षितता आणि माहिती तंत्रज्ञान या सहा क्षमता मांडल्या. पदव्युत्तर पातळीसाठीही नावे हीच राहिली, पण अपेक्षा बदलल्या आणि त्या २००९ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्या.

हा बदल आपल्याकडच्या उदाहरणावरून पाहा. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला प्राथमिक केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, देऊन अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवतात. संदर्भचिठ्ठीवर डोस आणि वेळ लिहिलेली नसेल, तर पुढचा डोस द्यायचा की थांबायचे, हा प्रश्न तिथल्या सिस्टरसमोर उभा राहतो. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, चार तासांत लघवी किमान १०० मिलिलिटर झाली का, हे तपासून आणि या औषधावरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवून डोस देणे हे स्टाफ नर्सचे काम आहे, आणि तू ते उत्तम करतेस. पण यापुढे, ती चिठ्ठी कोरी का येते, हा प्रश्नही तुझाच आहे. मागचे केस पेपर काढून किती चिठ्ठ्यांवर वेळ नव्हती ते मोजायचे, प्राथमिक केंद्रातल्या सिस्टर आणि डॉक्टरांसोबत बसून चिठ्ठीत त्यासाठी जागा करून घ्यायची आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदा मोजले नाही, तर तो नुसता चांगला हेतू राहतो, त्याला गुणवत्तासुधार म्हणता येत नाही.

हेच औषध का, याचे उत्तरही तुला देता आले पाहिजे. झटके पुन्हा येणे डायझेपाम आणि फेनिटॉइनपेक्षा मॅग्नेशियम सल्फेटने अधिक टळते, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत दिसले होते.

संघात काम करताना सर्वांत अवघड जाते ते बोलणे. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, आणि रात्री निवासी डॉक्टरांना फोन करताना स्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस हा क्रम आपण पाळतो, पण आपल्या बहुतेक मुली तिसऱ्या पायरीवर थांबतात. काय करावे असे तुला वाटते, ते आधारासह स्पष्टपणे सांगणे ही आता तुझी जबाबदारी आहे. अर्थात निर्णय घेताना मंजूर प्रोटोकॉलची मर्यादा ओलांडायची नाही.

चूक घडली की कनिष्ठ सिस्टरला मेमो देऊन विषय मिटवण्याची पद्धत मला मनापासून चुकीची वाटते, कारण त्यानंतर पुढची चूक कोणी कळवतच नाही. सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्युल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) एकाच ट्रेमध्ये कोणी ठेवल्या, रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण होते, हे मेमोत कधीच येत नाही. हे प्रश्न तू विचार, आणि कळवणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभी राहा.

आणि रुग्णकेंद्रित सेवा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. बीडची ऊसतोड कामगार बाई डिस्चार्जनंतर आठवड्याने तपासणीला येईल, असे कागदावर लिहिणे सोपे आहे, पण तोवर तिची टोळी कर्नाटकात गेलेली असते. रक्तदाब कुठे मोजायचा, डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर काय करायचे, हे तिच्या आणि सासूच्या किंवा नवऱ्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय तिला सोडू नकोस.

माहिती तंत्रज्ञान तू माझ्यापेक्षा लवकर शिकशील. मात्र संगणकात भरलेली वेळ ही डोस दिल्याचीच आहे, नोंद केल्याची नव्हे, याची खात्री करत जा. प्रवेशानंतर एकच प्रश्न निवड, त्याची पहिली मोजणी कर आणि आकडे मला पाठव, म्हणजे पुढे कोणाशी बोलायचे ते आपण मिळून ठरवू.

तुझी,
मॅडम